दोन राशी आणि लाभ

बहमन महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी, अंबड तालुक्यातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत मी एका मुलीच्या उत्तराचा खोटा तर्जुमा केला. मुलीने उत्तर मराठीत दिले होते. तपासणीला आलेल्या साहेबांना मराठी येत नव्हते. मुलगी पुष्कळ बोलली होती. मी साहेबांना दोन शब्द सांगितले.

तेव्हा निजामाचे राज्य होते. युरोपात लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. नेमके साल मला माहीत आहे, पण ते लिहिले तर गाव ओळखू येईल. सरकारी कामकाज फसली महिन्यांवर चाले. बहमन म्हणजे साधारण डिसेंबर. शाळेला सुटी शुक्रवारी असे. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझी नेमणूक हंगामी होती.

पुढे मी पंचवीसेक वर्षे वर्तमानपत्रात काढली. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे: माणूस बोलला तेवढेच लिहा, त्यात घालू नका आणि त्यातले काढू नका. हे मी कुठे शिकलो ते कोणी विचारले नाही.

शाळा दोन खणांची होती. एका खणात उर्दूचा वर्ग बसे. दुसऱ्यात मराठीच्या चारही इयत्ता माझ्याकडे होत्या. चौथीत सतरा मुले होती, त्यांत मुलगी एकच. ती अकरा वर्षांची होती. तिचा बाप मापारी होता. गावात खळ्यांवर धान्य मापून द्यायचा आणि बाजारच्या दिवशी अंबडला जायचा. सुटीच्या दिवशी तो मुलीला बरोबर नेई. तो पायलीने मापत जाई आणि दर वीस पायल्यांना ती एक खडा बाजूला ठेवी. तिची मोजणी चुकत नाही, असे पाटलाचा सालगडी सांगत असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर वरून हुकूम आला. चौथीच्या मुलांना हिशेबाचे नियम आकड्यांशिवाय, अक्षरांत मांडता आले पाहिजेत आणि तपासणीच्या वेळी ते विचारले जाईल, असे त्यात होते. मी जालन्याला उर्दूतून शिकलो होतो. अक्षरांचे गणित मला येत होते, म्हणजे अलिफची, उर्दूतल्या अ ची, किंमत काढायला येत होती. माझ्यासाठी अक्षर म्हणजे लपवलेला आकडा होता. गणित सोडवले की तो सापडे आणि त्याखाली दोन रेघा मारल्या की काम संपे. ज्याच्या जागी कोणताही आकडा चालेल असे अक्षर मी कधी वापरले नव्हते. हे मला तेव्हा समजले नाही.

पहिला धडा मी असा घेतला. पाच आणि त्याच्या पुढचा सहा, मिळून किती? अकरा. सात आणि आठ? पंधरा. दहा आणि अकरा? एकवीस. मुलांनी लगेच ओळखले की दर वेळी पहिल्या आकड्याची दुप्पट येते आणि वर एक. इथपर्यंत सगळे ठीक होते. मग मी फळ्यावर एका ओळीत अ, ब, क अशी अक्षरे लिहिली आणि सांगितले की आता आकड्याऐवजी अक्षर घ्यायचे. अ म्हणजे कोणतीही संख्या. तिच्या पुढची संख्या म्हणजे अ अधिक एक. दोन्ही मिळून दोन अ अधिक एक.

मागच्या रांगेतून एकाने विचारले, "गुरुजी, अ चा पाढा असतो का?"

"असतो. अ दुणे दोन अ."

"मंजे किती?"

"दोन अ."

"ते झालं, पण किती?"

वर्ग हसला. मी त्याला उभे केले आणि तास संपेपर्यंत उभाच ठेवला. त्याचा प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी सांगितले, "अ च्या जागी मनाला येईल तो आकडा घाला आणि नियम तपासून पाटी दाखवा." सतरा पाट्या वर आल्या. सतराही पाट्यांवर एकच उदाहरण होते: एक आणि दोन, तीन. मला वाटले एकमेकांचे पाहून लिहिले. मुलांना वेगवेगळे बसवले आणि पुन्हा करायला सांगितले. पुन्हा सतरा पाट्यांवर तीन आले. मी कारण विचारले. मी पहिल्या रांगेपासून प्रत्येकाच्या हातावर एकेक छडी मारत गेलो. शेवटी दाराजवळ बसलेल्या त्या मुलीपाशी आलो, तेव्हा तिने हात पुढे केला आणि म्हणाली,

"मारा, गुरुजी, पण अ मंजे लाभच ना?"

हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. आमच्याकडे खळ्यावर रास मापताना मापारी 'एक' म्हणत नाही. पहिली पायली पोत्यात पडली की तो 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. मुसलमान मापारी 'बरकत' म्हणतो. एकाने सुरुवात केली तर रास एकावरच राहील, असा समज आहे. शेतकऱ्याच्या घरातले पोर आकडे शिकायच्या आधी हे ऐकते. पहिल्याचे नाव घ्यायचे नसते, त्याच्या जागी दुसरा शब्द ठेवायचा असतो, आणि तो शब्द म्हणजे एक, हे त्याला पक्के ठाऊक असते. मी फळ्यावर ओळीने अ, ब, क लिहिले आणि आकड्याच्या जागी अक्षर ठेवा म्हणालो. मुलांनी आपल्या परीने नीट अर्थ लावला. अ म्हणजे लाभ. मग ब म्हणजे दोन आणि क म्हणजे तीन. कोणी कोणाचे पाहिले नव्हते.

मला हे ऐकून हसू आले. गुरुजी हसले म्हणून वर्ग हसला. मुलगी हसली नाही. मी तिला छडी मारली नाही, पण ज्या सोळा जणांना मारली होती त्यांनाही काही बोललो नाही.

दुरुस्ती मी अशी केली: "एक घालायचाच नाही. पाच घाला." त्या दिवसापासून सगळे पाच घालू लागले. पाच आणि सहा, अकरा. पंधरा दिवसांत वर्ग इतका तयार झाला की मी 'अ' म्हटले की सतरा तोंडांतून 'पाच' निघे. आधी अ म्हणजे एक होता, आता पाच झाला. तपासणीला एवढे पुरेल, असा माझा हिशेब होता.

मुलगी मात्र पाचावर थांबली नाही. त्या आठवड्यात तिने एकदा पाटी आणून दाखवली. तिच्यावर अक्षर नव्हते. तिने शब्दांत लिहिले होते: 'रास. रास वर एक माप. मिळून दोन राशी आन लाभ.'

"हे काय?"

"तुमचा नेम, गुरुजी. अ नं मला उमगत न्हाई. अ म्हणलं की वाटतं कुठला तरी ठरलेला आकडा असंल. रास म्हणलं की बराबर जमतंय."

"रास म्हणजे किती?"

"ते कसं सांगावं? मापायची ऱ्हायलीय ना आजून."

मी पाटी पुसली. बोटाला पाणी लावून पुसली. खळ्यावरच्या गोष्टी खळ्यावर, शाळेत शाळेचे, असे काहीतरी मी म्हणालो. नेमके शब्द आठवत नाहीत. ती "बरं" म्हणाली आणि जागेवर गेली. ते उत्तर पूर्ण बरोबर होते. सतरा मुलांत आणि एका गुरुजीत त्या दिवशी तेवढेच एक बरोबर उत्तर होते. हे मला आणखी दहा दिवस कळणार नव्हते.

आता यात तिचे काय अडले होते ते सांगतो. चौथीनंतर गावात शाळा नव्हती. जालन्याला मुलींच्या शाळेत पुढच्या वर्गात बाहेरगावच्या मुलींसाठी थोड्या जागा असत, राहण्याची सोयही असे. तपासणीला येणारे साहेब, ज्यांना मोहतमीम म्हणत, प्रत्येक शाळेतून एखादे नाव लिहून घेत आणि त्यांचा शिफारशीचा कागद मुलीच्या घरी येई. मापारी त्याकरता माझ्या खोलीवर आला होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही, पायरीवर बसला.

"गुरुजी, घरात माझं कोणी ऐकत न्हाई. आई अन् थोरला भाऊ पोरीसाठी ठिकाण पाहून राह्यले. एक दोघं येऊन बी गेल्ते."

"तुम्ही नको म्हणा."

"म्हणून तं राह्यलो. पण मी बोललेलं हवंवर जातं. सरकारी कागद आला की मंग भाऊ गप बसंल. त्याला कागदाची लई भीती." तो हसला. "वाचता येत न्हाई ना, म्हणून."

"तिचं नाव मी यादीत पहिलं लिहितो."

"बिलकुल?"

"बिलकुल."

मी नाव लिहिले. यादीत ते पहिलेच होते. एवढे मी केले.

गुरुवारी मोहतमीमसाहेब अंबडहून बैलांच्या दमणीतून आले. साठीकडे झुकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. बरोबर एक चपराशी होता, अंबडचाच, मराठी बोलणारा. खुर्ची पाटलाच्या घरून आणली होती. साहेब उर्दूत विचारत, मी मराठीत सांगे, मुलांचे उत्तर उर्दूत करून साहेबांना देई. वाचन झाले, पाढे झाले. चपराशी दाराशी तीन दगडांवर चहाचे आधण ठेवून फुंकर घालत बसला होता.

मग साहेबांनी फळ्यावरचा नियम पाहिला आणि विचारले, "अलिफ क्या है?"

मी मुलांना विचारले, "अ म्हणजे काय?"

"पाच!" सगळ्यांनी एका सुरात सांगितले.

पाच म्हणजे काय ते सांगायला साहेबांना माझी गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले नाही. मी म्हणालो, "जी, मिसाल के तौर पर." साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: अलिफच्या जागी बे लिहिले तर या नियमात काही फरक पडेल का?

मी तो मराठीत सांगितला. अ च्या जागी ब लिहिला तर नियम बदलेल का?

"बदलंल!" मुले ओरडली. ज्याला मी पाढ्यासाठी उभे केले होते तो पुढे म्हणाला, "ब मंजे सहा, गुरुजी. सहा अन् सात तेरा येतील."

साहेबांनी हातातली यादी पाहिली आणि पहिले नाव वाचले. "ये बच्ची बताए."

मुलगी उभी राहिली. तिचे शब्द मी जसे आठवतात तसे देतो. यात फार फरक नसावा, कारण ते मी पुष्कळ वेळा मनात म्हटले आहेत.

"न्हाई बदलत, साहेब. नाव बदलल्यानं रास थोडीच बदलती? पाटलाची रास असू द्या का आमची असू द्या. तिच्यावर एक माप टाकलं, अन् ती तितक्याच दुसऱ्या राशीत मिळवली, तर दोन राशी अन् लाभ. कोणाची बी असो, बराबर तितकंच."

साहेब तिच्याकडे पाहत होते. तिचे बोलणे संपल्यावर ते माझ्याकडे वळले. "क्या कहती है?"

त्या वेळी माझ्या मनात काय होते ते मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिले आहे. तीन गोष्टी नक्की सांगता येतात. पहिली, 'रास' आणि 'लाभ' हे शब्द साहेबांपुढे आले तर मला ते समजावून सांगावे लागतील आणि मी वर्गात खळ्यावरच्या समजुती चालू देतो असे दिसेल, अशी मला भीती वाटली. दुसरी, हेच उत्तर मी तिच्या पाटीवरून पुसले होते. तिसरी गोष्ट लिहायला मला सर्वांत जड जाते. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मलाही येत नव्हते. बदलेल की नाही, मला ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, "कहती है, मालूम नहीं."

चपराशाची फुंकर थांबली. मुलीने माझ्याकडे पाहिले. ती बापाबरोबर बाजारात जाणारी मुलगी होती; हे दोन शब्द बाजारात रोज कानावर पडतात.

साहेब म्हणाले, "कोई बात नहीं, बेटी. बैठ जाओ." त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर बारीक रेघ ओढली आणि मला म्हणाले, "अगले साल देखेंगे."

साहेब गेल्यावर मुले बाहेर पळाली. मुलगी दप्तर बांधून दारात उभी राहिली.

"गुरुजी, म्या तसं न्हाई म्हणलं."

"साहेबांना आपली भाषा कळत नाही."

"तुम्हाला तं कळती."

मी तिला घरी जायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पाटलाच्या खळ्यावर ज्वारीची रास होती आणि गावातले दहा-बारा लोक तिथे जमले होते. मीही गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. रास उपणून तयार होती, तिच्यावर कडुलिंबाचा डहाळा खोवलेला होता. मापारी अजून बसला नव्हता. मुलगी खडे घेऊन बसली होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

पाटलाचा पाहुणा, जालन्यात आडतीवर काम करणारा, राशीकडे पाहत म्हणाला, "काय मापारी, किती भरंल? पन्नास?"

सालगडी म्हणाला, "पाहुणं, जालन्यात राहून बिघडले तुम्ही."

मापारी शांतपणे म्हणाला, "मापायच्या आधी राशीला आकडा बोलू नये, पाहुणे. आकडा असतो तिच्यात. पण आपण रास म्हणायचं अन् गप बसायचं. किती बी निघो."

तो बसला. पहिली पायली भरली, बोटाने वरची ज्वारी सारखी केली, पोत्यात ओतली. "लाभ."

मी राशीकडे पाहत उभा होतो. तिच्यात आकडा होता, तो कोणालाच ठाऊक नव्हता आणि तरी तिच्याबद्दल खरे बोलता येत होते. हिच्यावर एक माप जास्त टाकले तर ती रास अधिक एक होईल. मूळ राशीइतकीच दुसरी रास तिच्यात मिळवली तर दोन राशी अधिक एक होतील. राशीऐवजी ढीग म्हटले तरी तेच होईल. अ म्हटले तरी तेच, ब म्हटले तरी तेच. मला पंधरा दिवस जे शिकवता आले नव्हते ते मला तिथे समजले, आणि मुलीने काल काय सांगितले तेही समजले. ती विसाव्या पायलीची वाट पाहत होती. वीस झाले, तिने खडा ठेवला.

साहेब अंबडच्या बंगल्यावर रविवारपर्यंत मुक्कामाला होते. शनिवारी शाळेला मी आजारी असल्याचा निरोप दिला आणि पहाटे निघून चार कोस चालत अंबडला गेलो. काय बोलायचे ते वाटेत उर्दूत जुळवले. 'हुजूर, गुरुवारी मी लडकीचे उत्तर चुकीचे सांगितले. तिचे उत्तर सही होते.' एवढीच दोन वाक्ये होती. बंगल्याच्या फाटकापर्यंत मी ती म्हणत होतो.

व्हरांड्यात चपराशी साहेबांचे बूट पुसत होता. मला पाहून तो उठला नाही.

"या गुरुजी. पायी आले का? वा. परवा पोरगी लई बोलली हो. माझं आधण उकळून गेलं तरी बोलूनच राह्यली. अन् तुम्ही दोन शब्दांत आटपलं! उर्दू लई आखूड भाषा आहे म्हणायची."

मी म्हणालो, "साहेबांना भेटायचं आहे."

"भेटा की. तेच सांगायला आले असाल." त्याने दुसरा बूट घेतला. "मी काही बोललो न्हाई साहेबांना. मला काय पडलंय? पण तुम्ही आले ते बरं केलं."

साहेब आत टेबलाशी कागद पाहत होते. त्यांनी मला बसायला सांगितले. मी बसलो नाही. त्यांनी विचारले, "कैसे आए?"

समोरच्या कागदांत माझ्या शाळेचा अहवाल वरच होता. माझे नाव त्यात होते आणि नावापुढे 'हंगामी' असे लिहिलेले दिसत होते. मी म्हणालो, "हुजूर, मेरी मुस्तकिली के बारे में अर्ज था." म्हणजे मला नोकरीवर कायम करण्याविषयी.

साहेब म्हणाले की मुले नियम तोंडपाठ म्हणतात, पण तो काय आहे हे त्यांना समजलेले नाही. माझी मेहनत मात्र दिसते. शिकवता शिकवता मीही शिकेन. ते सौम्यपणे बोलले. त्यांनी अहवालावर दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मग टाक खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "और कुछ?"

"जी नहीं," मी म्हणालो.

बाहेर चपराशाने विचारले, "सांगितलं?"

मी मान हलवली. ती त्याला होकारार्थी वाटली असावी. त्याने मला चहा पाजला. मी प्यालो.

संध्याकाळी मी गावात पोचलो तेव्हा मापारी माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेला होता. मुलीने घरी काय सांगितले होते ते मला आजही माहीत नाही. त्याच्या बोलण्यावरून तिने काहीच सांगितले नसावे असे वाटले, पण ही माझी अटकळ आहे.

"सायबाकडं गेल्ते म्हणे तुम्ही. दुधवाला सांगत होता."

"हो."

"पोरीसाठी?"

मी म्हणालो, "नाही जमलं."

तो म्हणाला, "तुम्ही पायी गेले, गुरुजी. चार कोस जायचे, चार कोस यायचे. आमच्या पोरीसाठी कोण जातंय इतकं?" त्याने शेजारचे गाठोडे माझ्याकडे सरकवले. पाटलाच्या राशीवर मापाईचे जे धान्य त्याला मिळाले होते त्यातली एक पायली ज्वारी त्यात होती. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या. पहिली पायली आहे. नको म्हणू नये."

मी गाठोडे घेतले. ती ज्वारी मी दळून आणली आणि आठवडाभर तिच्या भाकरी खाल्ल्या.

सोमवारी मी चौथीला नवा धडा दिला. फळ्यावर अ, ब, क लिहिले नाही. 'रास' लिहिले. रास आणि रास वर एक. मुलांनी हवे ते आकडे घातले: तीन, नऊ, चाळीस. एकाने शंभर घातले आणि वर्गाने त्याला पाटील म्हणून चिडवले. मग मी रास पुसून र लिहिला, मग र पुसून अ लिहिला, मग ब. पाढ्याच्या मुलाने विचारले, "मंजे नाव काही बी ठेवा?" मी हो म्हणालो. तास चांगला झाला. मी शिकवलेला तो पहिला खरा तास होता. पद्धत कोणाची हे मी वर्गाला सांगितले नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनी या पद्धतीची तारीफ केली आणि अहवालात ती माझ्या नावाने लिहिली. मी दुरुस्ती सुचवली नाही.

मुलगी त्या सोमवारी वर्गात होती. दाराजवळ बसून होती. मी तिला काही विचारले नाही. तिने पाटीवर काय लिहिले तेही मी पाहिले नाही. तिच्या रांगेपर्यंत मी गेलो नाही.

माझ्या कायम नेमणुकीचा हुकूम पुढच्या महिन्यात, इस्फंदारमध्ये आला. चार वर्षांनी मी ती नोकरी सोडून छापखान्यात आणि तिथून वर्तमानपत्रात गेलो.

हे लिहिण्यापूर्वी जे तपासता आले ते मी तपासले. मापारी वारला आहे. त्याच्या भावाच्या घरचे सांगतात की मुलगी परतूरकडच्या एका गावात दिली. दुसरे कोणी सांगते की ते लोक नंतर परभणीकडे गेले. यातले काहीही मला पक्के करता आले नाही. शाळेचे जुने दाखल-खारिज रजिस्टर पाहायला मिळाले. तिचे नाव माझ्या हुकमाच्या पुढच्याच महिन्यात, फरवर्दीत, कमी केलेले आहे. कारणाच्या रकान्यात 'शादी' असे लिहिले आहे. नोंद माझ्या हातची आहे.